घरबसल्या हळवे व्हा

रात्री साडेदहाला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक जुनं गाणं टाकतं. खाली लगेच रांग लागते. ‘अंगावर काटा’, ‘डोळ्यांत पाणी’, ‘गेले ते दिवस’, ‘आपली पिढी शेवटची नशीबवान’. तुम्हीही गाणं ऐकता. काटा येत नाही. पुन्हा ऐकता. घशाशी काहीतरी दाटून येतं, पण ती रात्रीची पावभाजी असते. नववीत तीनदा बसलेला मुलगासुद्धा गहिवरला आणि आपण मात्र कोरडे राहिलो, ही टोचणी फार वाईट.

काळजी करू नका. गहिवर कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही, तो सरावाने येतो. पूर्वी त्यासाठी गाव सोडावं लागे, नाहीतर निदान एखादा प्रेमभंग पदरी असावा लागे. आता मोबाइल, इअरफोन आणि चार मिनिटं पुरतात. खालच्या सूचना क्रमाने पाळा. मधली पायरी गाळलीत, तर रडू शिंकेसारखं अर्ध्यावर अडकतं आणि शेजारचे ‘काय झालं?’ म्हणून विचारतात.

१. गाणं निवडा

बहुतेक नवशिके इथेच घसरतात. लहानपणी जे गाणं आवडायचं तेच घ्यायचं, असा त्यांचा समज असतो. लहानपणी तुम्हाला काय आवडायचं, ते जरा प्रामाणिकपणे आठवा. गोविंदाची गाणी. त्यातही अशी, की पुढे अर्थ कळल्यावर आईकडे बघायची चोरी झाली. पाहुणे आले की तुम्हाला त्यावर नाचायला लावायचे आणि तुम्ही नाचायचात. तेव्हा घरोघरी कॅमेरे नव्हते, याबद्दल देवाचे आभार माना आणि पुढे चला.

हळवं होण्यासाठी गाणं जरा उंची लागतं. तुमचं वय पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असेल, तर तुमच्यासाठी माल तयार आहे. त्याला इंडिपॉप म्हणतात. सिनेमातलं नसलेलं, अल्बममधलं, स्वतःचा व्हिडिओ घेऊन आलेलं गाणं. १९९५ सालचं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ प्राथमिक वर्गाला उत्तम. लकी अलीचं ‘ओ सनम’ (१९९६) थोड्या सरावानंतर घ्यावं. त्याच्या व्हिडिओत इजिप्तचे पिरॅमिड आहेत, त्यामुळे आपल्या दुःखाला आपोआप भव्यता येते. फाल्गुनी पाठक यांचं ‘याद पिया की आने लगी’ (१९९८) ज्यांनी नवरात्रात गरबा खेळता खेळता कुणाकडे तरी नुसतंच पाहिलं, त्यांच्यासाठी. युफोरियाचं ‘धूम पिचक धूम’ मात्र टाळा. चांगलं गाणं आहे, पण त्यावर रडता येत नाही.

मराठी माध्यमातल्यांसाठी ‘गारवा’ आहे. १९९८ साल, सौमित्र यांची कविता, मिलिंद इंगळे यांचा आवाज. हे पावसाळी पीक आहे, जून ते सप्टेंबर या काळातच घ्या. एप्रिलच्या उन्हात लावलंत तर फक्त लाइट बिल आठवेल. वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजिबा’ वयाच्या हिशेबात बसतं, पण ते वरातींत इतकं वाजलं आहे की डोळ्यांऐवजी खांदे हलू लागतात.

२. वयाचा हिशेब जुळवा

वजाबाकी येत नसेल तर कागद घ्या. गाण्याचं साल वजा तुमचं जन्मसाल. उत्तर चार आलं, तर ‘आमच्या कॉलेजच्या दिवसांतलं’ असं लिहू नका. प्रत्येक ग्रुपमध्ये एक सीए असतो आणि तो याच क्षणाची वाट पाहत असतो.

स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात, की म्हातारपणी मागे वळून पाहिलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट निघतात. तुमचं उत्तर दहाच्या आत येत असेल, तर आठवण उसनी घ्यावी लागेल. ‘ताईकडे कॅसेट होती’ असं लिहा. ताई नसेल तर आत्याची मुलगी. तीही नसेल तर वरच्या मजल्यावरचा दादा. वरच्या मजल्यावरचा दादा महाराष्ट्रात सर्वत्र उपलब्ध आहे. त्याच्याकडे वॉकमन असतो, केस मानेपर्यंत असतात आणि पुढे तो कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे खातरजमा करायला कुणी जात नाही.

३. सामग्री जमवा

पाऊस, गॅलरी, टेपरेकॉर्डर, आल्याचा चहा आणि पेन्सिल. यातली पेन्सिल सक्तीची. कॅसेटची फीत बाहेर आली, की आपण पेन्सिल घालून गोल गोल फिरवायचो, हे वाक्य लिहिल्याशिवाय तुमचं बालपण ग्राह्य धरलं जात नाही. तुमच्या घरी करंगळी घालत असतील, तरीही पेन्सिलच लिहा.

आता थोडी खरी माहिती देतो. ती फक्त तुमच्यासाठी, ग्रुपसाठी नाही.

मूळ कॅसेट विकत घेणारी घरं थोडी होती. बाकीचे लोक कॅसेट भरून घ्यायचे. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, कोरी कॅसेट आणि यादी दुकानदाराला द्यायची आणि चार दिवसांनी जायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटं मावतात. दुकानदार तेवढी भरायचा आणि शेवटचं गाणं कडव्याच्या मध्येच तुटायचं. ते गाणं आज मोबाइलवर पूर्ण वाजतं, तरी त्या जागी तुमचा श्वास अडखळतो. दुसऱ्या कुणाचाही अडखळत नाही, कारण त्यांची कॅसेट दुसऱ्या दुकानातली होती.

दुसरी गोष्ट. कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या खिट्ट्या असायच्या. त्या तोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नसे. मोठी माणसं जपायच्या कॅसेटच्या खिट्ट्या आठवणीने तोडत. पण त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला की मशीन फसायचं, हा शोध महाराष्ट्रातल्या सातवी-आठवीतल्या मुलांनी घरोघरी स्वतंत्रपणे लावला. त्यापायी किती आज्यांचे हरिपाठ इंडिपॉपखाली गाडले गेले, याची शासनदरबारी नोंद नाही. अलिशाचं गाणं संपतं, खट्ट असा आवाज येतो, आणि हरिपाठ कुठल्यातरी अभंगाच्या मध्यावरून सुरू होतो. तुमच्या बालपणाचा आवाज ऐकायचाच असेल, तर तो हा.

हे ग्रुपवर लिहू नका. यात रडली होती ती आजी, तुम्ही नाही.

४. गाणं आलं कुठून, हे विचारू नका

देवळात गेल्यावर मूर्ती कुठल्या कारखान्यात घडली हे आपण विचारत नाही. इथेही विचारायचं नाही. तरीही ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी ‘मेड इन इंडिया’चा धडा देतो.

भारतीय हृदयाची महती गाणाऱ्या या गाण्याचे संगीतकार बिद्दू. मूळचे बंगळूरचे, पण मुक्काम लंडनला. १९७४ साली जगभर गाजलेलं ‘कुंग फू फायटिंग’ त्यांनीच तयार केलं. १९८० च्या ‘कुर्बानी’त लंडनमध्ये शिकणाऱ्या पाकिस्तानी नाझिया हसनकडून, वयाच्या पंधराव्या वर्षी, गाऊन घेणारेही तेच. तेव्हा स्वदेशीचा अभिमान वाटून ऊर भरून आला असेल, तर तो भरू द्या, फक्त त्याचं पार्सल कुठून निघालं ते पाहू नका.

व्हिडिओ केन घोषचा. राणीसाहेब जगभरच्या वरांना नाकारतात आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो. शिवाजी पार्कात वाढलेला, पोहण्यात राष्ट्रीय विजेता. मराठी माणूस धंद्यात मागे का, यावर तोवर कित्येक परिसंवाद झाले होते. खोक्यातून बाहेर येण्यात तो साऱ्या देशाच्या पुढे निघाला. त्या वर्षी घराघरांत आयांनी ‘अंगात काहीतरी घाल म्हणावं त्याला’ असं म्हणत म्हणत तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. ही आठवण खरी आहे, चविष्ट आहे, आणि तरी कुणी लिहीत नाही. कारण तिच्यात आई तरुण दिसते. आणि ती तरुण होती, हे कबूल करण्याइतके आपण अजून मोठे झालो नाही.

आता केबलचं बघा. चॅनल व्ही १९९४ साली सुरू झालं, एमटीव्ही १९९६ मध्ये स्वतंत्रपणे परत आलं. चोवीस तास भरायचे होते आणि दाखवायला देशी व्हिडिओ होते मोजके. म्हणून तेच गाणं सकाळी दात घासताना, दुपारी शाळेतून आल्यावर, रात्री जेवताना. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्राने केव्हाच दाखवून दिलं आहे. जाहिरातवाल्यांना ते त्याही आधीपासून माहीत होतं. म्हणजे तुमच्या हृदयाचा तो हळवा कोपरा कॅसेट कंपनी आणि केबलवाला यांनी मिळून भरला. तुमचा वाटा एवढाच, की रिमोट दादाकडे होता.

५. गॅदरिंगला विसरू नका

शाळेच्या गॅदरिंगचा उल्लेख केल्याने आठवणीला वजन येतं. पण गाण्याचा अर्थ शोधायला जाऊ नका. ‘माकारेना’चंच घ्या. स्पेनमधल्या सेव्हिलकडच्या दोन पोक्त गृहस्थांचं गाणं. त्याचं नवं रूप १९९६ मध्ये अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. तिथून ते जगभरच्या शाळांमध्ये घुसलं. हात पुढे, हात डोक्यामागे, हात कमरेवर. शिकवायला सोपं, त्यामुळे पीटीच्या सरांनाही पसंत.

गाण्यातली मुलगी काय करते? तिचा प्रियकर सैन्यात भरती होत असतो, तेव्हा ती त्याच्या दोन मित्रांबरोबर मजा मारते. पाचवी ‘ब’ने हे सादर केलं, तेव्हा पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त सुभेदार बसलेले असले, तरी त्यांनीही टाळ्याच वाजवल्या असत्या. ‘आमच्या वेळची गाणी किती स्वच्छ होती’ हे वाक्य तुम्हाला सातव्या पायरीवर लागणार आहे. म्हणून सांगतो, अर्थ शोधू नका.

६. प्रतिक्रिया लिहा

लहान वाक्यं. प्रत्येकानंतर तीन टिंबं. क्रियापद शक्यतो नकोच. ‘ती संध्याकाळ... तो पाऊस... ती गॅलरी...’ पहिल्या ओळीत ऋतू, दुसरीत वस्तू, तिसरीत हरवलेला माणूस. हरवलेला माणूस त्याच ग्रुपमध्ये असेल, तर आधी त्याचा नवरा किंवा बायको ग्रुपमध्ये नाही ना, याची खात्री करा.

दोनच रडके चेहरे टाका. एक टाकला तर थंड वाटतो, पाच टाकले तर लोक फोन करतात.

७. आजच्या गाण्यांना नावं ठेवा

ही पायरी सगळ्यांना जमते, म्हणून तिच्यावर वेळ घालवू नये असं वाटेल. पण चांगलं नाव ठेवणं ही कला आहे. नुसतं ‘कचरा’ म्हणू नका. ‘चाल नाही, शब्द नाहीत, नुसता धांगडधिंगा’ असं म्हणा. ही शब्दरचना जुनी आणि टिकाऊ आहे. तुमच्या बाबांनी ‘मेड इन इंडिया’ला हेच म्हटलं होतं, आणि त्यांच्या बाबांनी त्यांच्या किशोरकुमारला.

या कलेत महाराष्ट्राची परंपरा थोर आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं त्या खात्यावर राहिले. हिंदी सिनेमाची गाणी त्यांना इतकी हिणकस वाटत, की त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐकून जनतेची अभिरुची सुधारेल, असा हिशेब होता. जनतेने काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घरोघरी गेला. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढून तीच गाणी परत आणावी लागली. केसकरांनी नाक मुरडलं त्या १९५२ सालात कुठला सिनेमा आला होता, ठाऊक आहे? ‘बैजू बावरा’. ज्यातल्या रागदारीची उदाहरणं आज गाण्याच्या क्लासमध्ये देतात, तो.

यातून घाबरून जाऊ नका. केसकरांकडे खातं होतं, तुमच्याकडे ग्रुप आहे. तुमच्यामुळे कुणाला सिलोन लावावं लागणार नाही.

रिमिक्सवर मात्र मनापासून संतापा, ते लवकर जमतं. २०२२ मध्ये फाल्गुनी पाठक यांच्या ‘मैंने पायल है छनकाई’चं नवं रूप नेहा कक्करच्या आवाजात आलं, तेव्हा ज्यांनी मूळ गाणं वीस वर्षांत एकदाही लावलं नव्हतं, ते सगळ्यात मोठ्याने ओरडले. हे योग्यच झालं. घरातल्या माळ्यावरच्या भांड्यांवर आपलं प्रेम नसतं, पण कुणी विकायला काढली की येतं.

८. गायकांचे आजचे फोटो बघू नका

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री नफिसा अलींनी गोव्यातून एक व्हिडिओ टाकला. पांढरी दाढी, हातात गिटार, समोर थोडी माणसं, आणि लकी अली ‘ओ सनम’ गातोय. वर्ष टाळेबंदीचं, लोक आधीच घरात कोंडलेले. अख्खा देश विरघळला. आवाज तसाच होता, माणूस म्हातारा झाला होता, आणि बघणाऱ्याला आपलं वय तोंडपाठ झालं. नवशिक्यांना ही मात्रा झेपत नाही.

मिलिंद सोमणच्या बाबतीत उलटा धोका आहे. तो पन्नासाव्या वर्षी, २०१५ मध्ये, झुरिकला आयर्नमॅन पूर्ण करून आला. पोहणं, सायकल, धावणं, सगळं एका दमात. खोक्यातून बाहेर आला तेव्हा होता, तसाच जवळजवळ आजही दिसतो. अशा माणसाकडे बघून गेलेल्या काळाबद्दल हळवं होता येत नाही, फक्त पोट आत घेता येतं.

९. खरी आठवण आली तर

कधी कधी गाणं ऐकता ऐकता ठरवलेल्या सामग्रीऐवजी भलतंच काहीतरी वर येतं. नवशिक्यांनी यासाठी तयार असावं.

समजा, तुम्ही ‘ओ सनम’ लावलं. पाऊस, गॅलरी, पेन्सिल असं रांगेत येत असताना एकदम एक दुपार येते. टीव्हीवर हेच गाणं चालू आहे, आणि बाबा घरी आहेत. मंगळवार आहे, शाळा लवकर सुटली आहे, बाबांनी यावेळी कंपनीत असायला हवं. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालाखाली एक खाकी पाकीट. पुढे कितीतरी वर्षांनी कळतं, की त्यात व्हीआरएसचे कागद होते. पिंपरी-चिंचवडला असो, ठाणे-बेलापूर पट्ट्यात असो, त्या वर्षांत अशी पाकिटं पुष्कळ घरांत टीव्हीवर येऊन पडली. पुढे २००० साली सरकारी बँकांतूनही आली. तुम्हाला तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की आज बाबा लवकर आले म्हणजे भेळ मिळेल. बाबा म्हणाले, ‘तो खोका बंद कर.’ तुम्ही आवाज थोडा कमी केला. बंद नाही केला, कारण पिरॅमिड यायचे होते.

ही आठवण ग्रुपवर टाकू नका. हिला अंगठे येत नाहीत. कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकेल, कुणीतरी ‘काका कसे आहेत आता?’ असं विचारेल, आणि सगळ्यांची रात्र खराब होईल. असं झाल्यास गाणं दहा सेकंद पुढे सरकवा आणि पाणी प्या. पुन्हा पुन्हा होत असेल, तर हे गाणं सोडून द्या आणि ‘धूम पिचक धूम’ घ्या. मघाशी आम्ही ते टाळायला सांगितलं होतं, पण काही प्रकृतींना तेच मानवतं.

१०. मात्रा सांभाळा

हा छंद निरुपद्रवी वाटतो, पण एकेकाळी वैद्यकशास्त्र याला रीतसर आजार मानत होतं. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझल विद्यापीठात यावर प्रबंधच लिहिला. परमुलखात चाकरी करणारे स्विस लोक घराच्या आठवणीने झुरतात, ताप येतो, कधी जीवही जातो, असं त्याचं निदान. पुढे रुसोने आपल्या संगीतकोशात लिहिलं, की स्विस शिपायांसमोर गाई हाकायची एक चाल वाजवायला बंदी होती, तीही देहदंडाच्या धाकाने. ती ऐकली की शिपाई रडत, पळून जात, मरत. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिननी या नियमाचा विचार करायला हरकत नाही.

त्याच जागी रुसोने एक मोठी कामाची गोष्ट नोंदवली आहे. परक्या माणसावर त्या चालीचा काडीइतका परिणाम होत नाही. सूर तेच, वाद्य तेच, पण त्याच्या मागे गाई नाहीत, कुरण नाही, घर नाही.

म्हणून तुमचं गाणं तुमच्या मुलांना ऐकवू नका. आईबापांचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत नित्याचा अपघात आहे. गाडीत गाणं लावायचं, आरशातून मागे बघायचं, आणि मागच्या सीटवर त्या लेकराने मान हलवण्याची वाट पाहायची. ते म्हणतं, ‘छान आहे.’ मग म्हणतं, ‘किती वेळ आहे अजून?’ ते गाण्याबद्दल विचारतंय की प्रवासाबद्दल, हे खोदून विचारू नका.

११. पुढच्या पिढीची सोय करा

तुमची मुलगी आत्ता आतल्या खोलीत एक गाणं ऐकते आहे. पूर्णही नाही, वीस सेकंदांचा तुकडा, परत परत. तुम्हाला ते केबलवरच्या माऱ्यापेक्षा वाईट वाटतं, पण केबलवर तुम्हीही तेच ऐकत होता, फक्त तुकडा चार मिनिटांचा होता. २०५० च्या सुमारास कुणीतरी रात्री साडेदहाला तिच्या ग्रुपवर, किंवा तेव्हा जे काही असेल त्यावर, हेच गाणं टाकेल. तिलाही गहिवरावं लागेल, आणि तिच्याकडे सामग्री काय आहे? पेन्सिल नाही, फीत नाही, खिट्ट्या नाहीत, सेलोटेप नाही, पुसायला हरिपाठ नाही. पाऊस तेव्हा वेळेवर येईल याची खात्री नाही. वरच्या मजल्यावरचा दादा दिवसभर लॅपटॉपसमोर असतो.

काहीतरी तुम्हीच पुरवायला हवं. तेव्हा आज जेवणाच्या वेळी तिच्या दाराशी जा आणि ओरडा, ‘काय ते बेसूर लावलंयस? आवाज कमी कर!’ स्पष्ट, खणखणीत, घरभर ऐकू जाईल असं. रोज ओरडा, सुट्टीच्या दिवशीही ओरडा. आणि ‘हो, हो’ म्हणत ती इअरफोन शोधायला लागली, तर ते उचलून कपाटात टाका, स्पीकरच चालू राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायला या.